आमची उणीव एकच

जाहिरातीत एखादी उणीव कबूल केली, की गिऱ्हाईक बाकीच्या गाडीवर डोळे मिटून विश्वास टाकतं, असं मोटारकारखान्याचे मालक रणदिवेसाहेब यांना कोणीतरी पढवलं. त्यांनी जाहिराती लिहिणाऱ्या बेहेरेबाईंना बोलावलं.

"बाई, नम्रपणे उणीव सांगा. पण आमच्या गाडीत उणीव नाही, हे ध्यानात ठेवा. शिवाय माझा फोटो मोठा हवा. जमत नसेल तर उद्यापासून घरी बसा."

दुसऱ्या दिवशी बाईंनी जाहिरात पुढे ठेवली. वर ठळक अक्षरांत 'आमची उणीव एकच', खाली साहेबांचा पानभर हसरा फोटो.

"म्हणजे उणीव मी?"

"गाडीत नाही, असं आपणच म्हणालात, साहेब. मग पानावर उरलं कोण?"

साहेबांनी जाहिरात बाईंकडे परत सरकवली. मग खाकरून म्हणाले, "आपला हॉर्न जरा घोगरा आहे, असं लिहा."