'येतो' म्हणायचं राहिलं

"…पण जोडला जाईल ना रे तो?" बुवांनी विचारलं.

"बुवा, दुसरा कुणी असता तर नाहीच म्हणाला असता," हेरंब म्हणाला. "हा प्लेअर चालतो तो साध्या, दुकानातल्या कॉम्प्युटरवर. माझी सिस्टीम वेगळी. अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडे सापडायची नाही. पण मी जोडून दाखवतो!"

झालं! विचारलं होतं एवढंसं, आणि उत्तर आलं हे एवढं.

काडेपेटीएवढा तो प्लेअर. त्यात माईंची भजनं होती. माई म्हणजे बुवांच्या गुरू. त्या गेल्या, आणि त्यांचा आवाज तेवढा या प्लेअरमध्ये उरला. दुसरीकडे कुठेच नाही. प्लेअर जुना झालेला, म्हणून बुवांना भजनं आणखी कुठेतरी उतरवून हवी होती.

हेरंबने वायर खोचली. काळ्या स्क्रीनवर अक्षरं धावली. आणि खरंच की, भजनांची नावं उमटली!

"बघितलंत?" हेरंबची मान ताठ झाली. "आधी ही नावं नीट लावून देतो. मग उतरवून घेऊ."

"असू दे रे तशीच."

"तुम्ही बघाच, बुवा."

खटाखट बोटं चालली. शेवटचं बटण दाबलं न दाबलं तोच त्याने वायर ओढली आणि प्लेअर बुवांच्या हातात ठेवला. "घ्या! लावून बघा."

बुवांनी लावला.

…

पुन्हा लावला.

…

हेरंबने तो हिसकावूनच घेतला. जोडला, काढला, परत जोडला. प्लेअर रिकामा होता.

"काय झालं रे?"

"बुवा…" हेरंब हातातल्या प्लेअरकडे बघत म्हणाला. "काढायच्या आधी कॉम्प्युटरला सांगायचं असतं. त्याचं आत लिहिणं चालू होतं. मी न सांगताच ओढला. मला ठाऊक होतं हो… तुम्हाला दाखवायच्या घाईत…"

"म्हणजे निघताना 'येतो' म्हणायचं असतं."

हेरंबची मान जी खाली गेली, ती वर येईना. अहो, हाच पोरगा मागे एकदा भल्या पहाटे याच मठातून निघून गेला होता. शहरात, कॉम्प्युटर शिकायला. कुणाला सांगितलं नाही की सवरलं नाही. माई कितीतरी दिवस त्याचं ताट झाकून ठेवायच्या. त्या गेल्या तेव्हाही हा आला नव्हता. आणि आता आला, तो त्यांचा आवाजही घालवून बसला. लाजेने त्याचे कान तापले.

"बुवा, काहीतरी बोला. शिव्या द्या."

बुवांनी रिकाम्या प्लेअरचे इअरफोन कानात घातले. रोजच्यासारखे डोळे मिटले. बोटांनी मांडीवर ताल धरला.

हेरंबला ते बघवेना. त्याने कॉम्प्युटर पिशवीत कोंबला, चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता उंबरा ओलांडला.

"हेरंबा…" बुवांनी डोळे उघडले नव्हते. "वायर पुन्हा तशीच ओढलीस रे."