चेअरमनचं पेन

बंदरावरच्या मच्छीबाजारात सोसायटीचे चेअरमन तांडेल नवं पेन मिरवत होते. बर्फात पुरा, खाऱ्या पाण्यात बुडवा, सही झकास उठायची, ओल्या पापलेटावरसुद्धा. कोळणींच्या पत्र्याच्या शेडचा अर्ज मात्र वर्षभर त्यांच्या खिशातच होता. उन्हात बसून मासळी विकणारी जैवंती वैतागली होती.

“हे लिहिणार नाही अशी जागा दाखव, आत्ता शेड मंजूर करतो,” चेअरमन तिला म्हणाले.

“ज्या हातात पेन धरलंय, त्याच हाताच्या कोपरावर सही करा.”

चेअरमननी बोटं मुडपली, मनगट फिरवलं. पेन कोपराला पोचेना. बाजार खदखदून हसला.

जैवंतीने त्यांच्या खिशातला अर्ज काढून टोपलीवर पसरला.

“कोपर राहू द्या, चेअरमन. आता कागदावर सही उठते का तेवढं बघू.”