फणसावरची वाटणी

पक्षी आपले तंटे झाडावरच मिटवायचे, तेव्हाची ही हकिगत. एका फणसावर दगडू कावळा आणि चिंगी कावळी यांचा संसार होता. पुढे त्यांचं पटेना, म्हणून दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं. पण घरटं कुणाचं, यावर घोडं अडलं.

"जागा मी शोधली," दगडू म्हणाला.

"आणि बांधलं कुणी? तू नुसता फांदीवर बसून ओरडत होतास," चिंगी म्हणाली.

ऐकून ऐकून शेजारच्या भारद्वाजाचे कान किटले. तो म्हणाला, "ज्यानं जे आणलं, ते त्यानं काढून न्यावं."

दोघांना ते पटलं. चिंगीनं खराट्याच्या काड्या उपसल्या, दगडूनं तारांचे तुकडे ओढले. काथ्यासाठी झोंबाझोंबी झाली, तेव्हा काथ्याच तुटला. शेवटी तळाशी छत्रीची एक लांब काडी उरली.

"ही माझी," दगडू म्हणाला, पण ती त्याला उचलेना. चिंगीनं ओढून पाहिली. तिलाही एकटीला पेलेना.

"मग ही आणली कुणी?" भारद्वाजानं विचारलं.

मग चिंगी हळूच म्हणाली, "एक टोक याच्या चोचीत होतं, एक माझ्या."

"वाटेत तू बोलायला चोच उघडलीस आणि काडी तळ्यात पडली, मग दोघांनी मिळून ती बाहेर ओढली," दगडू म्हणाला. चिंगीला हसू आलं.

काडी तिथेच ठेवून दोघं दोन दिशांना उडून गेले. पुढच्या हंगामात एक नवं जोडपं जागा शोधत त्या फणसावर आलं.

"बरं झालं," नवी कावळी म्हणाली, "कुणीतरी पाया घालून ठेवलाय."