दोन खाटांएवढी जागा

पूर्वी शिरीषनगरात एक राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने नगराबाहेरच्या गावात एका गरीब माळ्याच्या घरी जन्म घेतला. त्याचं नाव सोमिल ठेवलं; पुढे त्याचं लग्न सुमनेशी झालं. दोघांजवळ वीतभरही जमीन नव्हती. दिवसभर दुसऱ्याच्या बागेत राबायचं आणि संध्याकाळी हात धुऊन निघायचं, असा त्यांचा संसार.

त्या राज्यात ओसाड माळ कसायला मिळे, पण रीत कडक होती. कसणाऱ्याला तीन वर्षांची मुदत असे. तिसऱ्या वर्षी वैशाखी पौर्णिमेला, ऐन उन्हाच्या तडाख्यात, राजाचा मोजणीदार येई आणि शेजारच्या शेताचा मालक ठोकील त्या खुंटीपासून जमिनीवर आडवी दोरी धरी. दोरीखाली सगळं हिरवं असलं तर जमीन कसणाऱ्याची. मध्ये उघडी जागा सापडली तर सगळीच्या सगळी शेजाऱ्याची. मात्र शेजाऱ्यानेही त्याच दिवशी, सूर्य बुडायच्या आत, त्या उघड्या जागी स्वतःच्या हाताने कुदळ मारायची. नाही मारली तर त्याला जमीन नको आहे असं समजून ती कसणाऱ्याकडेच राही. ही शेवटची अट कामी आल्याचं मात्र कुणाला आठवत नव्हतं. फुकटात जमीन मिळत असताना कुदळ मारायला कोण मागेपुढे पाहणार?

बोधिसत्त्वाने ओढ्याकाठचा एक मुरमाड माळ घेतला. पहिलं वर्ष दगड वेचण्यात गेलं. रोज सकाळी कामाला लागण्याआधी तो घटकाभर बांधावर बसे आणि माळावर कोण येतं, कोण जातं ते पाही. सातभाई पाखरं कुठे पाला उलटतात, तिथे ओल टिकते हे त्याने ताडलं आणि तिथे केळी लावली. घोरपड कुठे बीळ करते, तिथे माती खोल आहे हे ओळखून डाळिंबाची आळी खणली. शेजारचा भद्रक आपल्या बांधावरून हे बघून हसत असे. माणसं पोट भरायला बाग करतात, हा पाखरांशी गप्पा मारायला करतो, असं तो गावभर सांगे. बोधिसत्त्वही हसे आणि कुदळ उचले.

दुसऱ्या वर्षी त्याच्या हातून एक चूक झाली. ओढ्यावरून पाट काढायचा होता आणि पाटाच्या वाटेवर, उघड्या दगडगोट्यांत, टिटवीने चार अंडी घातली होती. पाट वळवायचा तर आठ दिवसांचं काम वाढत होतं. मग त्याने एका परडीत वाळू पसरली, अंडी हळुवार उचलून तिच्यात ठेवली आणि परडी दहा पावलांवर सावलीत नेली. आपण किती जपून केलं, असंच त्याला वाटलं. टिटवी दोन दिवस मोकळ्या जागेवर येऊन ओरडत राहिली. परडीकडे ती फिरकलीसुद्धा नाही. अंडी सडली. बोधिसत्त्वाला फार वाईट वाटलं. त्या दिवशी तो जेवला नाही आणि त्याने मनाशी एक गोष्ट पक्की केली.

तिसरं वर्ष आलं. वांगी, दुधी, केळी, डाळिंबं, सगळं तरारून आलं होतं. पाट उन्हाळ्यात अर्ध्यावरच आटे, म्हणून पुढच्या झाडांना दोघं कावडीने पाणी घालत. दोघांच्या खांद्यांना घट्टे पडले होते. बागेच्या मधोमध दोन खाटांएवढी खडकाळ जागा तेवढी राहिली होती. वैशाख लागल्यावर बोधिसत्त्व तिथे वांग्याची रोपं घेऊन गेला आणि थबकला. दगडांच्याच रंगाची चार अंडी, टोकं आत करून मांडलेली. टिटवी समोर पंख पसरून उभी होती.

तो रोपं घेऊन परत आला. सुमनेने विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. पौर्णिमेला चौदा दिवस होते आणि पिल्लं निघायला तीन आठवडे तरी लागणार होते. सुमना संतापली. संतापेल नाही तर काय? तीन वर्षं तिने कावड वाहिली होती. एका पाखरासाठी घरावर पाणी सोडणार का, असं तिने विचारलं. निदान कडेकडेने तरी रोपं लावा, म्हणाली. पण टिटवीला चहूकडे मोकळं दिसावं लागतं, आड काही आलं की ती अंडी टाकते, हे बोधिसत्त्वाला ठाऊक होतं.

तो म्हणाला, “सुमने, एकदा उचलली होती. पुन्हा नाही उचलणार.”

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी पाटाशी कावड भरताना तिला टिटवी दिसली. ती पाण्यात उतरली, पोटाची पिसं चांगली भिजवली आणि तशीच टुणटुण धावत जाऊन अंड्यांवर बसली. थोड्या वेळाने पुन्हा आली, पुन्हा भिजली, पुन्हा गेली. तापलेल्या दगडांत अंडी शिजू नयेत म्हणून ती पाणी वाहत होती. सुमना कावड खाली ठेवून बघत राहिली.

संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, “अहो, आपल्या बागेत पाणी वाहणाऱ्या दोघीजणी आहेत. आता तिला कशी काढू?”

मग दोघांनी उरलेल्या बागेत जीव तोडून काम केलं. दुसरीकडे कुठे तळहाताएवढीही जागा उघडी ठेवली नाही. दोरी थोडी इकडेतिकडे पडली तर निभावेल, एवढीच आशा होती.

पौर्णिमेला मोजणीदार आला. भद्रकालाही डोळे होते, त्याने बरोबर हिशेबाने खुंटी ठोकली. दोरी केळीतून, दुध्यातून गेली आणि सरळ टिटवीच्या जागेवर पडली. मोजणीदार म्हातारा आणि कनवाळू मनुष्य होता. अंडी उचलून दोन रोपं खोचलीस तर मी तोवर ओढ्यावर पाणी पिऊन येतो, असं तो हळूच म्हणाला. बोधिसत्त्वाने नकारार्थी मान हलवली. मग मोजणीदाराने रीत बोलून दाखवली आणि भद्रकाला कुदळ मारायला सांगितलं.

भद्रक कुदळ घेऊन आला. टिटवी पंख पसरून आडवी आली. बोधिसत्त्व वाटेतून बाजूला झाला.

तो म्हणाला, “भद्रका, बाग तुझी झाली. ही एवढी जागा आठ दिवस राहू दे. तोवर बागेला पाणी मी घालतो, तुझी बाग म्हणून.”

आणि खरंच कावड खांद्यावर घेऊन तो पाटाकडे निघाला. त्याच्यामागून सुमना निघाली.

भद्रकाने कुदळ उगारली आणि खाली घेतली. ऊन कलू दे, म्हणाला आणि बांधावर बसला. समोर तीन जीव पाणी वाहत होते. दोघं कावडीने, तिसरी पोटाच्या पिसांनी. ज्याची बाग गेली तोच तिला पाणी घालत होता. भद्रकाने पुन्हा कुदळ उचलली, दोन पावलं गेला, टिटवीने त्याच्याकडे पाहिलं आणि तो परत येऊन बसला. सूर्य ओढ्यापलीकडे उतरला तेव्हा कुदळ त्याच्या पायाशी पडलेली होती. मोजणीदाराने विचारलं तर म्हणाला, उन्हाने हात गळाले. मोजणीदाराने दोरी गुंडाळली आणि जमीन सोमिलची असं जाहीर केलं. सुमना तिथेच बसून रडली.

आठव्या दिवशी चार पिल्लं निघाली आणि आईमागे धावत ओढ्याकडे गेली. त्याच दुपारी बोधिसत्त्वाने तिथे वांगी लावली. पहिलं आळं भद्रकाने खणलं.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात ही गोष्ट सांगितली, तेव्हा समोर एक तरुण भिक्खू बसला होता. विहारामागची बाग माकडांनी दोनदा मोडली म्हणून त्याने काम सोडून दिलं होतं. शास्ता म्हणाले, “तेव्हाची सुमना म्हणजे आज रोपांना पाणी घालणारी आपली वृद्ध भिक्खुणी. मोजणीदार म्हणजे दारापाशी बसलेले हे वयोवृद्ध उपासक. सोमिल मीच होतो. करुणेपायी हातचं जाऊ दिलं तरी काम न सोडणं, याला वीर्यपारमी, म्हणजे उद्यमाची परिपूर्णता, म्हणतात.”

मग ते त्या भिक्खूकडे वळले.

“आणि भद्रक तू होतास. त्या दिवशी कुदळ खाली ठेवलीस, फार चांगलं केलंस. आज ती उचल.”