ठकाईची सतरावी म्हैस

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या डांगेपठारावर जेव्हा एकही कुंपण टिकत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. पावसात कुंपणाच्या लाकडी मेढी कुजायच्या, वाऱ्यात काटेरी फांद्या उडून जायच्या. पठाराच्या एका अंगाला खोल कडा, दुसऱ्या अंगाला खालच्या गावाची नाचणी. त्या गावच्या पाटलानं बजावलं होतं, की एक जरी म्हैस नाचणीत शिरली तर गवळ्यांनी पठार सोडायचं.

तेव्हा गवळ्यांतली ठकाई झोरे पुढं आली. तिनं पायानंच हद्द आखली. म्हैस तिथवर आली की ती लांब 'होऽऽ' करायची. म्हैस थांबली तर ठीक, नाही तर निरगुडीची बारीक छडी पाठीवर. सातव्या दिवशी छडी लागेनाशी झाली. असं म्हणतात, पुढं पुढं ती घरी बसून ताक घुसळत असली तरी म्हशी त्या न दिसणाऱ्या रेघेशी येऊन आपोआप माघारी वळायच्या. लोक लांबून बघायला यायचे आणि ठकाईला त्याचा थोडा गर्वही झाला होता, हे मी लपवणार नाही.

मग एका फाल्गुनात कड्याकडून वणवा आला. नाचणी केव्हाच काढून झाली होती, शेतं मोकळी होती. चार पावलं पलीकडं गेलं की जीव वाचणार होता. पण सतरा म्हशी रेघेवर येऊन उभ्या राहिल्या आणि हलेनात. लोकांनी हाका मारल्या, पेंढी दाखवली. पाठीमागं गवत पेटत आलं, तरी एकीनंही खूर पुढं टाकला नाही.

दीर धाकलूनं ठकाईचा पदर धरला. ती म्हणाली, "थांबाया म्या शिकवलं, निघाया न्हाई शिकवलं. चूक माझी हाय. सोड मला."

ती आत गेली. एकेकीच्या मानेवर हात ठेवून तिनं त्यांना रेघेपार आणलं. असं म्हणतात, ती जाई तिथं ज्वाळा बाजूला होत. सोळा म्हशी आल्या. सतरावी गाभण होती, तिला चालवत नव्हतं. ठकाई तिच्यासाठी परत गेली, आणि दोघीही आल्या नाहीत. आग मात्र रेघेवरच विझली.

आता म्हशींच्या गळ्यात यंत्राचे पट्टे आलेत. मोबाइलवर हद्द आखायची. म्हैस जवळ गेली की पट्टा वाजतो, पुढं गेली की हलका झटका देतो. कोणती म्हैस कुठं चरतेय तेही दिसतं. चांगली सोय आहे. पण डांगेपठारावर पट्टा लगेच सुरू करत नाहीत. आधी घरची बाई म्हशीच्या मानेवर हात ठेवते, तिला हद्दीपार चालवत नेते आणि माघारी आणते. पुन्हा नेते. म्हैस मानेवरच्या हातासरशी निघायला शिकली, की मगच पट्टा चालू होतो.

गोठ्यात म्हशी दोन असोत की वीस, प्रत्येकीला पलीकडं नेताना एकच बोलायचं असतं: "ठकाई, सतरावी आली गं."