कोल्ह्याचा लेप आणि साळूची शंका

उन्हाळा आला की हटकून वणवा लागायचा, अशा एका जंगलात एक साळू राहत असे. अंगावर काटे आणि मनात शंका, दोन्ही भरपूर! तिला दोन तान्ही पिल्ले होती. म्हणूनच बीळ सोडून कोल्ह्याने सगळ्यांसाठी बांधलेल्या नव्या घरांपैकी एका घरात आल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. भिंती झाडाच्या सालीच्या फळ्यांच्या. दोन सालींच्या मध्ये भरण आणि वरून पांढरा लेप. "आत माती, वर न जळणारा लेप!" कोल्हा सांगे. "आगीची काय बिशाद!"

एके सकाळी कोल्ह्याने सगळ्यांसमोर परीक्षाच मांडली. नमुन्याची फळी धप्पकन खाली ठेवली आणि तिच्या मधोमध निखारा धरला. लेप नुसता काळवंडला. मुंगूस तर टाळ्याच पिटू लागले. साळूच्या मनात मात्र पाल चुकचुकली. धप्पकन? अहो, तिच्या घराच्या फळ्या तर सशाने दोन-दोन एकदम डोक्यावरून आणल्या होत्या!

"कोल्होबा, ही फळी एवढी जड कशी हो? माझ्या भिंतीचा तुकडा लावून बघू या," ती म्हणाली.

"नव्या घराची भिंत फोडायची? अपशकुन होईल, साळूताई!" कोल्हा गडबडला.

"माझ्या भिंतीची भारीच काळजी तुम्हाला!" असे म्हणत साळूने घराचा एक कोपरा कुरतडून आणला आणि त्याची उघडी कड निखाऱ्यावर धरली. लेप होता तिथेच राहिला, पण आतले वाळके गवत भप्पकन पेटले. मुंगूस टुणकन मागे उडाले. ससा ओरडला, "अरे लबाडा, तुझ्या घराला का नाहीत या भिंती?" पण दगडाच्या गुहेत राहणारा कोल्हा केव्हाच पसार झाला होता.

साळूने पिल्ले उचलली ती थेट जुन्या बिळात नेली. शेजाऱ्यांनाही तिने हाका मारमारून आत घेतले. चौथ्या दिवशी वणवा आला आणि नव्या घरांची अख्खी रांग बघता बघता राख झाली. आत कोणीच नव्हते म्हणून बरे! इकडे बिळात दाटीवाटीने बसलेला ससा कुरकुरला, "साळूताई, तुझे काटे टोचतात गं!"

पिल्लांना पोटाशी घेत साळू म्हणाली, "टोचू देत. भाजत तर नाही ना?"

तात्पर्य : मुलांनो, दाखवायला आणलेला नमुना पारखून भागत नाही; ज्या भिंतीआड आपली माणसे झोपतात, तिचीच परीक्षा घ्यावी.