आठवी वाटी

एकदा एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने आपल्याच शिष्येची नऊ वर्षांच्या मेहनतीला कात्री लावली. निदान तिला तरी तसं वाटलं.

स्वरूपा तिचं नाव. परक्या ग्रहावर जाणाऱ्या यानासाठी तिने मुठीएवढी भट्टी बांधली होती. भट्टीत आठ वाट्या. तिथली माती वाटीत घालून तापवायची आणि निघालेल्या वायूत पाणी आहे का, ते यंत्राने इकडे कळवायचं. एक वाटी एकदाच वापरायची. तिथे घासायला कोण बसलंय?

उड्डाणाआधी यान बंद करायच्या दिवशी म्हाताऱ्याने आठव्या वाटीला, रिकामीच असताना, झाकण ठोकलं.

"सर, एका जागेची माती गेली माझी!"

"गेली. पाणी दिसलं की तोंड उघडायच्या आधी ही तापव."

"भट्टी मी बारा वेळा भाजून कोरडी केलीय. माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे. तुझ्या हातांवर नाही."

ती महिनाभर बोलली नाही त्याच्याशी.

यान पोचलं. पहिल्याच वाटीत पाणी दिसलं. खोलीत नुसता गलका. कुणीतरी पेढ्यांचा पुडा फोडलासुद्धा.

"थांबा," स्वरूपा म्हणाली. "आधी आठवी."

"वेडी आहेस का? बाहेर पत्रकार बसलेत," मोहिमेचे साहेब म्हणाले.

"बसू देत."

रिकामी वाटी तापली. तिच्यातही पाणी, तेवढंच. पेढे हातातल्या हातात राहिले.

स्वरूपा कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याकडे गेली. "हे आलं कुठून, सर?"

"इथून. आपल्या हवेतून, तुझ्यामाझ्या श्वासातून. कितीही भाजलं तरी माणूस आपला ओलावा बरोबर घेऊन जातो, बाई. लाज त्याची नाही. तो तिथला म्हणून सांगितला असतास तर होती. आता तुझी भट्टी काय खोटं बोलते आणि किती, ते तुला ठाऊक झालं. म्हणजे आता ती खरं बोलायला लागली. रडायचं तर रड, पण सहा वाट्या उरल्यात."

ती रडली नाही. पत्रकारांना परत पाठवलं आणि दुसरी वाटी लावली. रिकामीएवढंच. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी, तेच. साहेबांनी येणं सोडलं.

सातव्या वाटीत रिकामीपेक्षा किंचित जास्त आलं. तिने आकडे तीनदा ताडून पाहिले.

तेवढं किंचित मात्र तिथलं होतं.